इंजिन धुताना पावसाचा दाखला चालत नाही

बॉनेटखाली साचलेली धूळ आणि तेलकट काजळी घरच्या घरी कशी घालवावी, याविषयी एक सल्ला सध्या मोबाइलवरून फिरताना दिसतो. त्याचा आशय साधारण असा: गाडी भर पावसात चालते, म्हणजे इंजिन वॉटरप्रूफच असते, म्हणून ते आधी चांगले तापवावे, चालू ठेवूनच प्रेशर वॉशरने धुवावे, चिकटा निघाला नाही तर डिझेल किंवा रॉकेल फवारावे, असे केल्याने इंजिन चकाकते, थंड राहते आणि मायलेजही वाढते. यातले एखाद-दुसरे विधान अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच उरलेली विधानेही विनातपास खपून जातात.

पावसाचा मुद्दा सगळ्यात पटणारा वाटतो, म्हणून तो आधी घेऊ. बॉनेट बंद असताना इंजिनवर पाऊस पडत नाही. ग्रिलमधून आणि चाकांकडून येणारे तुषार तेवढे आत पोहोचतात, आणि तेही बहुतांशी खालच्या बाजूला. वायरिंगच्या कपलरना रबरी सील असतात हे खरे. पण सील कोणत्या प्रकारच्या पाण्यासाठी आहे, हे पाहावे लागते. ज्या भागावर ‘आयपी ६७’ असा (धूळ आणि पाणी किती अडते ते सांगणारा) दर्जा लिहिलेला असतो, तो 1 मीटर खोल स्थिर पाण्यात 30 मिनिटे टिकावा अशी अपेक्षा असते. 1 मीटर पाण्याचा दाब जेमतेम 0.1 बार भरतो. घरगुती प्रेशर वॉशर 100 बारच्या आसपास दाब देतो. नोझलपासून अंतर वाढले की तो झपाट्याने उतरतो हे मान्य केले, तरी माणूस चिकटा काढायला नोझल जवळच नेतो. अशा झोताची चाचणी वेगळी असते आणि तिच्यासाठी दर्जात शेवटच्या 7 च्या जागी 9 हा आकडा येतो. बॉनेटखालचा प्रत्येक भाग त्या कसोटीला उतरलेला नसतो. शिवाय हे सगळे नव्या सीलबद्दल झाले. आठ-दहा वर्षे उष्णता खाल्लेले रबर कडक झालेले असते, आणि उंदरांनी वायरचे आवरण कुरतडले असेल तर सीलचा विषयच उरत नाही.

नुकसान नेमके कुठे होते, हे पेट्रोल गाडीत सहज दाखवता येते. इंजिनवरचे प्लास्टिकचे कव्हर काढले की बहुतेक चार सिलिंडरच्या गाड्यांत ओळीने चार इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारे भाग) दिसतात. प्रत्येक कॉइलखाली स्पार्क प्लगपर्यंत जाणारी एक अरुंद, खोल विहीर असते. झोताचे पाणी कॉइलच्या रबरी कडेखालून तिथे शिरले की बाहेरची हवा किंवा ऊन त्याला वाळवू शकत नाही. वरून सगळे कोरडे दिसते, गाडी सुरूही होते, आणि थोड्या वेळाने थरथरू लागते. मेकॅनिक म्हणतो, ‘मिसिंग करतेय’, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. कॉइल उपसून पाहिली तर तळाशी पाणी सापडते, आणि प्रकरण जुने असेल तर प्लगभोवती गंजही. अल्टरनेटरचे, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचे, दुखणे निराळे. त्याला थंड ठेवण्यासाठी मुद्दामच झरोके ठेवलेले असतात, त्यामुळे तेलकट मळ घेऊन आलेले पाणी थेट आतल्या ब्रश आणि डायोडपर्यंत पोहोचते.

‘इंजिन तापवून, चालू ठेवून धुवा’ हा यातला सगळ्यात घातक भाग होय. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरमधला धूर बाहेर नेणारा बिडाचा भाग) पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा कितीतरी अधिक तापलेला असतो. त्यावर एकदम गार पाणी पडले तर बिडाला तडा जाऊ शकतो. तापलेल्या धातूवर डिग्रीझर (तेलकट चिकटा सोडवणारे द्रावण) मळ सैल होण्याआधीच वाळतो आणि पांढरट डाग ठेवून जातो, म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप केला तेही साधत नाही. चालू इंजिन एअर फिल्टरच्या तोंडातून हवा ओढत असते, तशी पाण्याची धारही ओढू शकते. ते पाणी पुरेशा प्रमाणात सिलिंडरमध्ये गेले तर दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. फिरता पट्टा आणि पंखा यांच्याजवळ हातात फडका घेऊन वाकणे कसे ठरेल, हे निराळे सांगायला नको. कित्येक गाड्यांत रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप सुरू होतो. कोमटपणा उपयोगी पडतो, एवढेच या सल्ल्यातले तथ्य आहे: हात सहज टेकवता येईल इतके इंजिन निवलेले असावे.

डिझेल-रॉकेलच्या फवाऱ्याची सवय आपल्याकडच्या वॉशिंग सेंटरांवर जुनी आहे आणि त्याने चकाकी येते, हेही खरेच. पण ती चकाकी तेलाच्या थराची असते, आणि पुढच्या कच्च्या रस्त्यावर त्याच थरावर दुप्पट धूळ बसते. कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, होस पाइप सहसा ज्या ईपीडीएम रबराचे असतात, ते खनिज तेलाने फुगते आणि मऊ पडते. त्याहून मोठी भीती आगीची. आपल्याकडच्या रॉकेलची आणि डिझेलची ज्वलनशील वाफ तयार होण्याची किमान मर्यादा 35 अंश सेल्सिअस धरलेली आहे. विदर्भातल्या उन्हाळ्यात सावलीतली हवाही त्याहून तापते. त्यात फवाऱ्याचे बारीक थेंब, तापलेला मॅनिफोल्ड आणि बॅटरीची एखादी ठिणगी एकत्र आली तर काय होईल, याचा विचार हा सल्ला पुढे पाठवणाऱ्याने केलेला दिसत नाही.

मायलेज आणि थंडाव्याचा दावा थोडक्यात निकालात काढता येतो. इंजिनची नकोशी उष्णता मुख्यतः कूलंटमधून रेडिएटरकडे आणि एक्झॉस्टमधून बाहेर जाते. रेडिएटरच्या जाळीत किडे आणि चिखल अडकला असेल तर ती साफ केल्याने फरक पडतो. इंजिनवरची धूळ पुसून मायलेज वाढत नाही.

मग घरी करावे तरी काय? गाडी सावलीत लावून निवू द्यावी, मग 10 नंबरच्या पान्याने (बहुतेक गाड्यांना तोच लागतो) बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवावे; नव्या गाडीत त्याने घड्याळ किंवा काचांचे सेटिंग जाऊ शकते, म्हणून आधी मॅन्युअल पाहावे. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या उच्च व्होल्टेजच्या नारिंगी केबलच्या वाटेला घरी जाऊच नये. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, ईसीयू (इंजिनचा संगणक), कॉइल आणि एअर फिल्टरचे तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी झाकावे. वायपरखालच्या जाळीतला पालापाचोळा हाताने वेचावा. तिथली पाण्याची वाट तुंबली तर पावसाळ्यात पाणी केबिनमध्ये उतरते. सुकी धूळ मऊ ब्रशने झटकल्यावर पाण्यात मिसळणारा डिग्रीझर बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात पातळ करून, ब्रशला लावून, एकेका भागावर घासावा आणि वाळण्याआधी ओल्या फडक्याने टिपून घ्यावा. कॉस्टिक सोडा असलेली स्वस्त द्रावणे ॲल्युमिनियम खातात, ती दूर ठेवावीत. काम संपल्यावर झाकायला लावलेली प्रत्येक पिशवी निघाली आहे याची खात्री करावी, बॉनेट उघडे ठेवून सगळे पूर्ण वाळू द्यावे आणि मगच टर्मिनल जोडावे.

स्वच्छतेचा खरा लाभ या सल्ल्यात कुठेच सांगितलेला नाही. तेलकट काजळी बहुधा कुठल्या तरी गळतीतून आलेली असते, आणि सगळेच बरबटलेले असताना तिचा उगम सापडत नाही. पुसून घेतल्यावर चार-आठ दिवस गाडी नेहमीसारखी वापरावी आणि इंजिन थंड असताना टॉर्च घेऊन टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) कडेने पाहावे. तिथे ताजी ओल दिसली तर मेकॅनिकला ती जागाच दाखवता येते आणि एका पॅकिंगवर काम भागते.