फरशीला राप चढवण्याची रीत

तुम्ही मोठं किचन चालवता, म्हणजे तुमच्यामागे कामं कमी नाहीत. त्यात कुणीतरी येऊन फरशीबद्दल कटकट करतं. लक्ष देऊ नका. गिऱ्हाईक बाहेर बसतं. आत वावरतात ती आपलीच माणसं, आणि तेलकट लादीवर पाय सांभाळून चालणं ही एक कलाच आहे, ती त्यांना आलीच पाहिजे.

पहिलं पथ्य: रात्री काम आटोपल्यावर लगेच धुवायला घेऊ नका. तेल तेव्हा ताजं असतं, पटकन निघतं. थोडे दिवस कळ काढा. धग आणि हवा लागली की तेल हळूहळू व्हार्निशसारखं घट्ट होतं. असा पक्का राप चढला की लादी मुळात विटकरी होती की काळी, यावर कामगारांत पैजा लागतात.

डीग्रीजर, म्हणजे तेलकटपणा काढणारं द्रावण, घरात आणलाच असेल, तर ओतल्या ओतल्या पुसून घ्या. डब्यावर ‘पाच-दहा मिनिटं राहू द्या’ असं लिहिलेलं असतं, कारण अल्कलीला चरबीचा साबण करायला वेळ लागतो. तुम्हाला वेळ नाही. आणि चुकून साबण झालाच, तर तो स्वच्छ पाण्याने धुवून काढू नका. सकाळच्या पाळीला बुळबुळीत फरशी आयती मिळेल.

बादली एकच ठेवा. सुरुवात फ्रायरपासून करा, शेवट थंड खोलीच्या दारात. तिसऱ्यांदा पिळेपर्यंत पाणी राखाडी होतं, वर इंद्रधनुषी तवंग येतो, पोछ्याचे दोरे मेणचट होऊन एकमेकांना चिकटतात. आता खरं काम सुरू झालं. एका कोपऱ्यात साचलेलं तेल साऱ्या किचनला सारखं वाटून मिळतंय. एवढी समता एरवी कुठे बघायला मिळते? ताठ केसांचा ब्रश मात्र कोपऱ्यात उभा राहू द्या. घासलं तर मळ निघतो.

लाद्यांमधले सिमेंटचे सांधे काळे पडले की ॲसिड. चरबीवर त्याचा फारसा इलाज चालत नाही, पण सिमेंट ते आवडीने खातं. सांधा उजळलेला दिसतो, कारण वरचा थरच गेलेला असतो. पुढच्या खेपेला तेलाला साचायला खोलगट पन्हळ तयार! (इथे क्षणभर थट्टा बाजूला ठेवतो. ॲसिड आणि ब्लीच कधीच एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो. माझ्या बाकीच्या सल्ल्यांनी माणूस फार तर आपटेल.)

आता सीलर, म्हणजे सांध्यांत तेल-पाणी मुरू नये म्हणून लावायचं द्रव्य. इथे खरे गुणी लोक ओळखू येतात. मळ काढून मग सील करणं कुणालाही जमेल. तुम्ही मळासकट सील करा. इतक्या महिन्यांची कमाई अशी वाया का घालवायची? रात्री दोनला पाणी मारा, पहाटे चारला सीलर फिरवा. सीलर सांध्याच्या छिद्रांत शिरायचा असतो, पण तिथे आधीच पाणी ठाण मांडून बसलेलं असतं. बिचारा वरच राहतो आणि आठवडाभरात बुटांबरोबर निघून जातो. लादी कसली आहे, हे विचारत बसू नका. चकचकीत ग्लेझची लादी सीलर पीत नाही, म्हणून तर तिच्यावर भरपूर ओता, आणि जास्तीचा पुसू नका. चिकट, ढगाळ साय धरते. सांध्यांत सिमेंटऐवजी एपॉक्सी (पाणी न पिणारा राळेचा मसाला) असेल तर सीलरची गरजच नसते. तरीही खर्च करा, फाईलला बिल लागतं.

एखादा चोखंदळ पोरगा सांध्यावर पाण्याचा थेंब टाकून बघत बसेल. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर सीलर शाबूत, जिरून सांधा गडद झाला तर संपला. अशा पोराला ताबडतोब भांड्यांवर पाठवा.

एवढं करूनही कुणी घसरलंच, तर पिवळी ‘ओली फरशी’ पाटी आहेच. तुमच्याकडची तर बारमाही तिथेच उभी असते, फ्रायरच्या डाव्या हाताला. फक्त ती कुणाला उचलू देऊ नका. तिच्या पायांखाली दोन बारीक पट्ट्या आहेत, स्वच्छ विटकरी रंगाच्या, आणि लादीच्या रंगावर लागलेल्या पैजा अजून चालू आहेत.