पोर दोन सेंटिमीटर, स्वेटर दीड

माझ्याकडे 4 मिलिमीटरच्या सुयांच्या तीन जोड्या आहेत आणि तिन्ही कामावर आहेत. म्हणजे काम चालू आहे असं नाही, काम त्यांच्यावर अडकलेलं आहे. एकीवर थोरलीच्या स्वेटरची बाही, दुसरीवर धाकट्याच्या टोपीचा काठ, आणि तिसरीवर काय आहे ते मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. मफलर असावा. परवा धाकट्यासाठी पट्ट्यापट्ट्यांचं जाकीट विणायला घेतलं तर एकही जोडी मोकळी नाही. हातातलं एखादं काम संपवून सुया सोडवायच्या, हा एक मार्ग होता. मी चौथी जोडी आणली.

विणणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. नवा गुंडा, पहिली ओळ, बोटांना लागलेली लय... दहा ओळी झाल्या की मनात अख्खा स्वेटर तयार असतो, पोराला घालून फोटोसुद्धा काढून झालेला असतो. मग उरतं ते फक्त विणणं.

अशा नऊ पिशव्या कपाटाच्या खालच्या खणात आहेत. लपाछपी खेळताना आमची पोरं घरभर लपतात, त्या कपाटात मात्र नाही. आत सुया आहेत.

सुरुवात थोरलीपासून झाली. ती पोटात असताना सातव्या महिन्यात मी फिकट पिवळी लोकर घेतली आणि टाके घातले. तेव्हा मला एक साधं गणित कुणी सांगितलं नव्हतं. बाळ जन्मतं तेव्हा साधारण 50 सेंटिमीटर असतं आणि पहिल्या वाढदिवसाला 75च्या आसपास जातं. म्हणजे पोर महिन्याला दोन सेंटिमीटर वाढतं. माझा स्वेटर महिन्याला दीड. शाळेत दोन आगगाड्यांची गणितं असायची, मागची गाडी पुढच्या गाडीला किती वाजता गाठेल? इथे मागची गाडीच हळू, शिवाय दर स्टेशनावर थांबणारी.

पाठ विणून झाली तेव्हा ती पालथी पडायला लागली होती. पुढचा भाग झाला तेव्हा रांगत होती. एक बाही झाली तेव्हा ती उभी राहून तीच बाही ओढत होती. सगळे भाग अंगाला लावून बघितले तर बाही कोपराशी संपली. "तशी फॅशन आहे," नवरा म्हणाला. त्याला वाटलं, हा विषय इथे मिटेल.

मी सगळा उसवला. उसवण्याइतकं झटपट होणारं दुसरं काम विणकामात नाही. वर्षभराचा स्वेटर वीस मिनिटांत. पण उसवलेली लोकर सरळ निघत नाही, प्रत्येक टाक्याची आठवण ठेवून कुरळी कुरळी निघते. तशीच पुन्हा विणली तर टाके उड्या मारतात. म्हणून ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळून तिची लड करायची, लड भिजवायची आणि खाली वजन टांगून वाळवायची. न्हाणीघरात त्या पिवळ्या लडीला बूट टांगलेला बघून पाहुणे काही विचारत नसत, नुसतं दार हळूच लावून घेत.

मोठ्या मापाला लोकर कमी पडणारच होती. आणखी दोन गुंडे आणले. रंगाचा क्रमांक तोच, फक्त रंगवण्याची खेप वेगळी. दुकानातल्या दिव्याखाली जुळी भावंडं वाटत होती, घरी खिडकीत धरली तर नुसती ओळखसुद्धा दिसेना. तेव्हापासून त्या लोकरीनं चार वेळा स्वेटर व्हायचा प्रयत्न केलाय. थोरली आता नऊ वर्षांची आहे.

मूल चार-पाच वर्षांचं झालं की वाढीचा वेग उतरतो, वर्षाला सहा सेंटिमीटरच्या आसपास येतो. हे वाचलं तेव्हा मला केवढा धीर आला! आता गाठते की नाही बघा, म्हणून कंबर कसली. तेवढ्यात धाकटा झाला. पुन्हा 50 सेंटिमीटर.

त्याच्या वेळी मी शहाणी झाले होते, म्हणजे एकदम मोठ्या मापाचाच घेतला. पाच वर्षांचा होईल तेव्हा घालेल! नमुन्यात लिहिलं होतं की 10 सेंटिमीटरमध्ये 22 टाके बसले पाहिजेत, आधी छोटा चौकोन विणून मोजा. तो चौकोन कोण विणतं? अर्धा तास घालवून काय मिळतं, तर एक चौकोन. मी सरळ 154 टाके घातले, घेर 70 सेंटिमीटर होणार म्हणून. माझा हात सैल निघाला. 10 सेंटिमीटरमध्ये 20च टाके. तुम्ही म्हणाल दोन टाक्यांनी काय होतं? 154ला 20नं भागा, 10नं गुणा, 77 सेंटिमीटर होतं. सात सेंटिमीटरची ऐसपैस जागा. धाकट्याला तो अर्धवट स्वेटरही आवडला, कारण त्याच्या आत पाण्याची बाटली घेऊन चालता येतं.

बरं, हात सगळीकडे सारखा सैल असता तरी एक वेळ चाललं असतं. माझा हात माझ्या मनावर चालतो. त्या स्वेटरच्या पाठीवर खालून साधारण एक वीत वर चार ओळी अशा घट्ट आहेत की तिथे बोट रुतत नाही. ती शाळेतल्या पालकसभेची संध्याकाळ. त्याच्या वरच्या दोन बोटं रुंदीच्या पट्ट्यात टाके एकदम सुस्कारा टाकल्यासारखे ढिले पडलेत. सुट्टी लागली होती. दुसरी बाई रोजनिशी लिहिते, माझी पोराच्या पाठीवर आहे.

आता चुकीबद्दल. चूक दिसते ती नेहमी दहा-बारा सेंटिमीटर वर गेल्यावर, आणि आपल्याला कधीच नाही, शेजारी बसलेल्या माणसाला. "आई, इथे हे काय झालंय?" थोरलीनं बोट ठेवलं. सुलट टाक्यांच्या गुळगुळीत पडद्यावर एक उलट टाका पुटकुळीसारखा वर आला होता. सबंध उसवायची गरज नसते, हे मला माहीत होतं. त्या एकाच टाक्याचा उभा रकाना सुईवरून सोडायचा, तो चुकीपर्यंत खाली घसरू द्यायचा, चूक सुधारायची आणि क्रोशाच्या सुईनं एकेक आडवा धागा ओढून घेत पुन्हा वर चढायचं. शिडीच्या पायऱ्या असतात ना, तसे ते मोकळे धागे दिसतात. सगळे झोपल्यावर मी दिवा जवळ ओढला, श्वास रोखला आणि टाका सोडला. सर्र करून तो 34 ओळी खाली गेला. मग पुटकुळी होती तिथे बघितलं. पुटकुळी जागच्या जागी होती. मी शेजारचा रकाना सोडला होता.

तसं बघायला गेलं तर या घरात एक स्वेटर पुरा झाला आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण घरच्यांना आठवत नाही. निळा, दोन्ही बाह्यांचा, शुद्ध लोकरीचा. धाकट्यानं तो तीन वेळा घातला. चौथ्या दिवशी नवऱ्यानं मला मदत करायचं ठरवलं आणि तो गरम पाण्यावर मशीनमध्ये टाकला, चादरींबरोबर. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकत जातात आणि परत सुटत नाहीत. यालाच नमदा, म्हणजे लोकरीचं जाड घट्ट कापड, बनवणं म्हणतात, माणसं शेकडो वर्षं मुद्दाम मेहनत करून बनवत आली. आमच्याकडे तो तासाभरात झाला. बाहेर आला तेव्हा स्वेटर टेडीच्या मापाचा होता आणि टेबलावर आधाराशिवाय उभा राहत होता. टेडीला तो इतका तंतोतंत बसला की नवरा म्हणाला, "बघ, शेवटी तुझं माप बरोबर आलं." सध्या टेडी हाच या घरातला माझ्या हातचा पुरा स्वेटर घालणारा एकमेव सदस्य आहे. तो वाढत नाही.

स्वेटर जमत नाही म्हटल्यावर कुणीही शहाणी बाई थांबली असती. मी गोधडीला हात घातला.

माझा विचार साधा होता. पोरं वाढली तरी गोधडी आखूड होत नाही, फार तर पाय बाहेर येतात. पोरांचे लहान झालेले कपडे साठले होतेच. आई फोनवर म्हणाली, "एक ना धड, भाराभर चिंध्या." ती म्हण बहुधा गोधडीवालीवरूनच पडली असावी, पण मला बोलणाऱ्या याच आईच्या ट्रंकेत माझ्या नावाची एकच बाही मला सापडली होती. "दुसरी कुठे गं?" विचारल्यावर तिनं विषय बदलला.

पहिल्या कातरीलाच रणकंदन झालं. तीन वर्षं जो फ्रॉक थोरलीला आठवला नव्हता, तो कापताना ती दारात उभी. "माझा सगळ्यात आवडता होता." डोळ्यांत पाणी. धाकट्यानं स्वतःचे दोन चांगले चालू शर्ट आणून दिले. त्याला फक्त कात्री चालताना बघायची होती.

पाच इंचांचे चौकोन कापायचे, चारी बाजूंना पाव इंच शिलाई धरायची, साडेचार इंचांचा चौकोन उरतो. आडवे 12, उभे 14, म्हणजे 168. कागदावर रुंदी 54 इंच. माझी शिलाई पाव इंचाहून केसभरच जास्त जात होती, इंचाचा सोळावा भाग. पण प्रत्येक चौकोनाला दोन कडा. बारा चौकोनांत दीड इंच गायब! बरं, सगळ्या ओळींत सारखं गायब झालं असतं तर कळलंही नसतं. काही ओळी मी सकाळी शिवल्या होत्या, चष्मा लावून, काही रात्री. शेजारी शेजारी ठेवल्या तर रात्रीच्या ओळी आखूड. त्यात टी-शर्टचं कापड. साधं सुती कापड जागेवर राहतं, टी-शर्टचं ओढाल तिकडे येतं. मागून अस्तर चिकटवून मग कापायचं असतं, हे मला चाळीस चौकोन शंकरपाळ्याच्या आकाराचे झाल्यावर समजलं. ते मी ओढून ताणून बसवले, जसे आपण लग्नाच्या फोटोत नातेवाईक बसवतो.

मग तळाचं कापड, मधला कापसाचा थर आणि वरचे चौकोन जमिनीवर अंथरून हातभर लांबीचे पांढरे कच्चे टाके घातले, थर हलू नयेत म्हणून. एवढ्यावरच त्या दिवशी गुडघे संपले. गोधडी तशीच खाली सोडून मी पाठ टेकायला गेले. परत आले तर धाकटा तिच्या आत शिरून झोपला होता.

तेव्हापासून ती त्याची झाली. काठ नाही, धावदोरा नाही, कडेनं कापूस लोंबतोय, पण द्यायला तयार नाही. "अरे, ती पुरी व्हायची आहे अजून." "झालीये." मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी हे म्हणत होतं, आणि ते खोटं होतं. कच्चे टाके पायाच्या अंगठ्यात अडकवून झोपायची त्याला सवय लागली. रोज सकाळी मी दोन-तीन तुटलेले टाके मोजायची.

शेवटी तो झोपल्यावर शिवायचं ठरवलं. पलंगाच्या कडेला बसायचं, मांडीवर येईल तेवढी गोधडी ओढायची, बारीक धावदोरा घालायचा. गोधडी मध्यापासून कडेकडे शिवत जायची असते, म्हणजे थरांचा ढिलेपणा बाहेर निघून जातो. पण मध्यावर धाकटा होता. म्हणून मी कडेकडून आत येत गेले. रोज एक पट्टा. एकदा त्याच्या पायजम्याला पाच टाके बसले. सकाळी तो दात घासायला गोधडीसकट गेला आणि कुणाला काही वावगं वाटलं नाही.

चार महिने लागले. काठ लावला, कोपरे दुमडले, दोरा तोडला. माझ्या हातून एक गोष्ट संपली होती! गोधडी झटकून अंथरली तेव्हा दिसलं की सगळा ढिलेपणा कडेकडून ढकलत ढकलत मी मधोमध आणून ठेवलाय. बरोबर मध्यावर एक फुगवटा. डोक्याशी गोल, खाली निमुळता, एका कुशीवर झोपलेल्या मुलाच्या आकाराचा. हात ठेवायला बाजूला जरासा उंचवटा.

धाकट्याला ती फारच पसंत पडली. लगेच खाली शिरला, आपल्या साच्यात जाऊन बसला, जरा वळवळला. मग डोकं बाहेर काढलं.

"आई, पाय मावत नाहीत. थोडं उसवतेस?"