१५० मिमी म्हणजे जमिनीपासूनची उंची नव्हे

कोल्हापुरातल्या सायकलस्वारांत एक मेसेज फिरतोय: ‘नव्या ट्रेल सायकली जमिनीपासून १५० मिमी उंच आहेत, मसाई पठारावरच्या दगडांना पेडल लागणारच नाही.’ हे चूक आहे, आणि यावर विसंबून कुणी पडू नये म्हणून हा खुलासा.

१५० मिमी हा सस्पेन्शनचा (धक्के शोषणाऱ्या यंत्रणेचा) ट्रॅव्हल आहे, म्हणजे धक्का बसल्यावर चाक किती वर सरकू शकतं ते अंतर. ट्रेल प्रकारात, म्हणजे डोंगरवाटांसाठीच्या सायकलींत, तो साधारण १२० ते १५० मिमी असतो. पेडलची जमिनीपासूनची उंची ही वेगळीच गोष्ट. ती फ्रेमची रचना, चाकाचा आकार आणि क्रँकची (पेडल ज्या दांड्याला जोडलेलं असतं त्याची) लांबी यांवर ठरते.

उलट, तुम्ही बसलात की मागचं सस्पेन्शन तुमच्या वजनानेच २५ ते ३० टक्के दबतं. १५० मिमीमध्ये हे जवळपास ४० मिमी झालं! त्यामुळे पेडलही खाली येतं, खड्ड्यात आणखी. पन्हाळ्यापासून पुढे जांभ्याचा खडक ओबडधोबड आहे, तिथे पेडल आपटलं तर सायकल थेट आडवी जाते. दगडांतून जाताना पेडल मारणं थांबवा, दोन्ही पाय समपातळीत ठेवा.