भाड्याआधी मीटर बघा

नाशिकमध्ये कॉलेजच्या पहिल्या वर्षासाठी रूम निवडण्यावरच्या लेखात ‘आधी भाडं बघा’ म्हटलंय. भाडं नंतर, आधी कॉलेज कुठंय ते बघा. कॉलेज आडगावला आणि रूम गंगापूर रोडला घेतली, तर शहर ओलांडताना ट्रॅफिकची कोंडी रोज नशिबी.

लाइटबिल हे भांडणाचं खरं मूळ. २००० वॅटचा गीझर अर्धा तास चालला की १ युनिट. नाशिकच्या थंडीत चौघांनी रोज पंधरा-पंधरा मिनिटं चालवला, तर महिन्याला ६० युनिट नुसते अंघोळीचे! म्हणून राहायला जाल त्याच दिवशी सबमीटरच्या (तुमच्या रूमपुरत्या वेगळ्या मीटरच्या) रीडिंगचा फोटो काढून मालकाला पाठवा आणि युनिटचा दर करारात लिहून घ्या. इंडक्शन शेगडी ६ अँपिअरच्या बारक्या सॉकेटला लावू नका. ती ८-९ अँपिअर खेचते, मग बोर्ड वितळतो आणि पैसे डिपॉझिटमधून कापले जातात.

डिपॉझिट चौघांचं असेल तर करारात चारही नावं हवीत. एकाच्याच नावावर असलं की मध्येच सोडणाऱ्याचे पैसे अडकतात. करार नोंदवणं कायद्याने मालकाचं काम आहे, तो टाळत असेल तर दुसरी रूम बघा.

मेसवाल्याला खाड्याचा नियम आधीच विचारा. बऱ्याच ठिकाणी सलग काही दिवस जेवायला नसलात तरच पैसे वळते होतात, सुटा रविवार धरत नाहीत.