बंद कारखान्यात कॉलेज नको म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

“बंद कारखान्यात कॉलेज कसलं काढता, पाडा आणि नवं बांधा” हे फॉरवर्ड आमच्या ठाण्याच्या तीन ग्रुपवर आलंय आणि खाली नुसते अंगठे, म्हणून लिहितोय.

म्हणे पोरांचा भार झेपणार नाही. अहो, बैठी शेड असेल तर भार थेट जमिनीवरच जातो, आणि वरच्या मजल्याचं म्हणाल तर आयएस 875, म्हणजे इमारतीवर किती भार धरायचा ते सांगणारं भारतीय मानक, उघडा, वर्गासाठी चौरस मीटरला 3 किलोन्यूटन धरतात म्हणजे साधारण तीनशे किलो, आणि मशीनवाल्या कारखान्याला हलक्या कामालाही 5, जड कामाला 10. आता सळई गंजून फुगली असेल, स्लॅबचे पोपडे पडत असतील तर गोष्ट वेगळी, पण ते स्ट्रक्चरल ऑडिट सांगेल, फॉरवर्ड नाही.

आत अंधार असतो म्हणे! करवतीच्या दात्यांसारख्या छपराखाली हा माणूस कधी उभाच राहिलेला नाही. काचा उत्तरेला, त्यामुळे उजेड सगळीकडे सारखा, ऊन डोळ्यांवर येत नाही, ड्रॉइंगच्या वर्गाला अजून काय पाहिजे. (मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत दुपारचा सूर्य आपल्याकडे जरा उत्तरेला असतो, तेवढे दिवस पडदा लावा.) काचांवर वर्षानुवर्षांची धूळ बसली की अंधार वाटणारच ना.

गळतीचं मात्र खरंय. दोन छपरांमधली पन्हळ पानांनी तुंबते, आपल्या पावसात भरून आत ओतते, मग भिंतीच्या भेगेत पिंपळ. पण त्याला पन्हळ मोठी करा, दर मेमध्ये साफ करा. गच्ची गळते म्हणून कोणी सोसायटी पाडतं का? बरं, ठाण्यात पाडतातही, ते सोडा.

अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे धोक्याचे, मान्य. पण पाडताना फोडले तर धागे अजूनच उडतात, म्हणजे काही केलं तरी ओले करून अख्खेच उतरवायला हवेत.

“असं कुठेच करत नाहीत” हे तर सरळ खोटं. लंडनला किंग्ज क्रॉसच्या 1852 च्या धान्याच्या गोदामात 2011 पासून सेंट्रल सेंट मार्टिन्स हे आर्ट कॉलेज भरतंय. नेदरलँड्सला टिलबर्गमध्ये 1932 ची रेल्वे इंजिनांची शेड 2019 ला लायब्ररी झाली, आतल्या रुळांवर मोठाली टेबलं चाकांवर सरकवतात.

नेहमी स्वस्त पडतं असं मी म्हणणार नाही. फायर एक्झिट, टॉयलेट, घुमणारा आवाज आवरायला पॅनल, पैसे लागतातच. पण पाया आणि एवढा उंच मोकळा हॉल आयता मिळतोय. कोणाकडे ऑडिट रिपोर्ट असेल तर टाका ग्रुपवर, त्यावर भांडू.