धुतल्या तांदळाची अट

"आधी स्वतःपासून सुरुवात करा." सप्ताहातल्या कीर्तनात हे वाक्य शोभतं. पण गावातल्या सिमेंट रस्त्याचं बिल कुणी मागितलं की लगेच हेच वाक्य त्याच्या तोंडावर मारतात, तेव्हा माझं डोकं फिरतं.

परवा आमच्या तालुक्यातल्या एका पोरानं माहिती अधिकारात रस्त्याची कागदपत्रं मागितली. दोन दिवसांत पारावर चर्चा सुरू झाली ती त्याच्या बापानं पीक विम्यात किती क्षेत्र दाखवलं होतं याची. "तू लई शाना झालास का बे? तुमचं घर काय धुतल्या तांदळाचं हाय का?" रस्त्याचा विषय तिथंच संपला. सरपंचाला तोंड उघडायचीसुद्धा गरज पडली नाही, गावानंच त्याची वकिली केली.

बापानं विम्यात जास्तीचं क्षेत्र दाखवलं असेल तर त्याचीही चौकशी व्हावी, माझी ना नाही. २०२३ च्या खरिपापासून विमा एक रुपयात झाला. शेतकऱ्याचा एक रुपया, आणि अर्ज भरणाऱ्या केंद्रचालकाला कंपनीकडून अर्जामागं ४० रुपये. जितके अर्ज जास्त तितकी कमाई, मग जमीन कुणाची हे बघतो कोण? सरकारी जमिनीवर, देवस्थानाच्या जमिनीवर विमे निघाले. मराठवाड्याचं नाव त्यात ठळक होतं. २०२५ मध्ये एक रुपयाची सवलतच गेली आणि ज्यांनी काही केलं नव्हतं तेही भरडले गेले. पण ती फाईल कृषी खात्याची, रस्त्याची फाईल पंचायत समितीची. एका फाईलनं दुसरी बंद होत नाही.

रस्त्याचं गणित तर चारित्र्याच्या आसपासही फिरकत नाही. समजा रस्ता १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि अंदाजपत्रकात जाडी १५ सेंटिमीटर. म्हणजे ४५ घनमीटर काँक्रीट. सिमेंट, वाळू, खडी एकास दीड, तीन या मिश्रणाला घनमीटरला साधारण ८ पोती सिमेंट लागतं, म्हणजे ३६० पोती. प्रत्यक्षात जाडी १० सेंटिमीटर भरली तर काँक्रीट ३० घनमीटर आणि पोती २४०. एका गल्लीत १२० पोती गेली, वाळू-खडी वेगळी. कडेला टेप लावून जाडी बघू नका, फसाल. कडेच्या फळ्या पूर्ण उंचीच्या लावतात आणि आत मुरूम चढवून घेतात, त्यामुळं कड भरदार दिसते आणि मध्ये पापुद्रा असतो. मधोमध भोक पाडून कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल तुकडा, काढून मोजावा लागतो. आता हे मोजणारा दारू पितो, सोसायटीचं कर्ज थकवतो की भावाशी बांधावरून भांडतो, यानं कोअरची लांबी मिलिमीटरनं तरी बदलते का?

मी आता राहतो त्या इंग्लंडात हेच कोव्हेंट्रीच्या एका हॉस्पिटलात घडलं. राज मट्टू हे हृदयरोगतज्ज्ञ. चार खाटांच्या कक्षात पाचवा रुग्ण कोंबायची पद्धत पडली होती आणि त्यानं जीव धोक्यात येतात असं त्यांनी २००१ मध्ये जाहीरपणे सांगितलं. खाटा मोजणं हे काय अवघड काम होतं? दोन मिनिटांत कुणीही मोजल्या असत्या. पण हॉस्पिटल चालवणाऱ्या ट्रस्टनं मोजायला घेतला तो मट्टूंचा स्वभाव. सहकाऱ्यांशी नीट वागत नाहीत, दमदाटी करतात, असं एकेक निघत गेलं. २००२ मध्ये निलंबन, २०१० मध्ये बडतर्फी. २०१४ मध्ये ट्रायब्युनलनं बडतर्फी अन्यायाची ठरवली आणि २०१६ मध्ये सुमारे १२ लाख २० हजार पौंडांची भरपाई मिळाली. तोवर एका डॉक्टरची उमेदीची वर्षं वाया गेली होती. तेव्हा 'तिकडं माणसं थोर आहेत' असं मी म्हणणार नाही. इथल्या पोस्ट ऑफिसच्या होरायझन या हिशोबाच्या कॉम्प्युटर सिस्टिमच्या प्रकरणात तर ९०० हून अधिक पोस्टमास्तर गुन्हेगार ठरले, का तर कॉम्प्युटरचा हिशोब खरा आणि माणूस चोर असं सगळ्यांनी धरून चाललं. २०१९ मध्ये कोर्टानं सिस्टिममध्ये दोष आहेत असं म्हटलं, तरी शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा यायला २०२४ उजाडलं.

फरक पडतो तो इथून पुढं. इथल्या, म्हणजे ब्रिटनच्या, १९९८ च्या कायद्यात आधी अशी अट होती की गैरप्रकार उघड करणाऱ्याचा हेतू शुद्ध असला तरच त्याला संरक्षण. मग मालकांचे वकील दिवसेंदिवस हेतूच सोलत बसायचे: बढती मिळाली नाही म्हणून बोलला, साहेबावर राग होता म्हणून बोलला. २०१३ मध्ये ती अट काढून टाकली. आता सांगितलेली गोष्ट लोकहिताची आहे आणि तसं मानायला सबळ कारण होतं, एवढं पुरतं. हेतू खोडसाळ निघाला तर भरपाईत जास्तीत जास्त २५ टक्के कपात, पण संरक्षण जात नाही. रागानं बोललेलं खरंही असू शकतं हे इथल्या पार्लमेंटला कळलं. आमच्या पाराला अजून कळायचंय.

गंमत अशी की आपल्या कायद्याला हे २००५ मध्येच कळलेलं आहे. माहिती अधिकाराचं कलम ६, पोटकलम २ वाचा. अर्ज का करतोस हे विचारता येत नाही आणि संपर्काला लागतील तेवढे सोडून कुठलेही वैयक्तिक तपशील मागता येत नाहीत. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावलेला अर्ज, बस. त्या काउंटरवर धुतल्या तांदळाची अट नाही. ती गावानं घातली.

अर्ज फसतात ते भलत्याच कारणांनी. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमानं अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा. आपले लोक त्यात रस्ता, घरकुल, दिवाबत्ती सगळं भरतात आणि शेवटी विचारतात, "रस्ता निकृष्ट का झाला?" 'का' हा प्रश्न माहितीत बसत नाही, कारण तो कागद अस्तित्वातच नसतो. कागदाचं नाव लिहून मागावं: मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, साहित्य चाचणी अहवाल, अदा केलेली देयकं, पूर्णत्वाचा दाखला. यातली मोजमाप पुस्तिका सगळ्यात महत्त्वाची. अभियंत्यानं कोणत्या तारखेला किती जाडी लिहिली ते तिच्यात सापडतं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचं स्टॅम्प. मग ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडं, मराठवाड्याचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला. माहिती अधिकाऱ्याला दंड दिवसाला २५० रुपये आणि कमाल २५ हजार, पण आयोगात तारीखच उशिरा लागते आणि सगळे त्या उशिरावर टपून असतात. हल्ली 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार द्यायलाही बळ आलंय, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं ते कलम जास्तच रुंद केलं. म्हणून लाभार्थ्यांच्या नावांपासून सुरुवात करू नये, कामाच्या कागदांपासून करावी.

आणि अर्जाच्याही आधी सोमवार आहे. २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरावरच्या आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकाला फाईल बघता येते. अर्ज लागत नाही. किती जण जातात? इथं काउन्सिल ५०० पौंडांवरचा प्रत्येक खर्च वेबसाइटवर टाकते म्हणून आम्ही मोठ्या तोंडानं सांगतो, पण इथंही ते उघडून बघणारे थोडेच. फक्त कुणी बघितलं तर शेजारी त्याच्या बापाचा सातबारा काढत नाहीत.

ग्रामसभेचं तर विचारूच नका. कोरम १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल ते. पहिल्या सभेला मुद्दाम गर्दी जमू द्यायची नाही, सभा तहकूब करायची. तहकूब सभेला कोरमची गरज नसते. मग पंधरावीस डोक्यांत ठराव पास, सह्या नंतर घरोघरी. ज्याला प्रश्न विचारायचाय त्यानं आधी लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि इतिवृत्तात नोंद घ्या म्हणून सगळ्यांसमोर म्हणावं. तोंडी ओरडून गेलात तर कार्यवृत्तात 'खेळीमेळीच्या वातावरणात सभा पार पडली' असंच येणार.

"पण तूसुद्धा तलाठ्याला पैसे दिलेस ना?" हा शेवटचा हुकमी एक्का. याचंही उत्तर कायद्यात आहे. २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणं हाही गुन्हा आहे, पण जबरदस्तीनं द्यावी लागली आणि ७ दिवसांत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवलं तर देणारा सुटतो. देण्याआधीच एसीबीला, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला, सांगितलं तर प्रश्नच नाही. नंबर १०६४. तिथं आधी पडताळणी होते: दुसऱ्या खात्यातले सरकारी पंच, सोबत रेकॉर्डर, आणि मागणी साहेबाच्या तोंडून यायला हवी. तक्रारदारच "साहेब, किती देऊ?" असं बोलला की केस तिथंच लंगडी होते. मग नोटांचे नंबर लिहून त्यांना फिनॉल्फ्थॅलीनची पांढरी पावडर लावतात. घेणाऱ्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं, ते बाटलीत सीलबंद. हुशार लोक म्हणून नोटा हातात घेत नाहीत, "ठेव ड्रॉवरमध्ये" म्हणतात किंवा बाहेरच्या चहावाल्याकडं पाठवतात. त्यामुळं पैसे कुणाच्या सांगण्यावरून कुठं ठेवले हे रेकॉर्डिंगमध्ये येणं नोटांइतकंच गरजेचं. २०२२ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं सांगितलं की तक्रारदार फितूर झाला किंवा वारला तरी मागणी आणि स्वीकार परिस्थितीजन्य पुराव्यानं सिद्ध करता येतात. या सगळ्या साखळीत तक्रारदार सज्जन आहे का, हे तपासायचा टप्पा कुठंही नाही.

३१ मार्च २०२३ ला फुलंब्रीच्या पंचायत समितीसमोर गेवराई पायगाचे सरपंच मंगेश साबळे यांनी २ लाखांच्या नोटा उधळल्या. विहिरींच्या मंजुरीला टक्केवारी मागतात, हा त्यांचा आरोप. तेव्हाच लोक म्हणाले, नाटक आहे, पुढारी व्हायचंय. २०२४ ला ते जालन्यातून लोकसभेला उभे राहिले आणि म्हणणाऱ्यांचं फावलं. बरं, व्हायचं होतं त्यांना पुढारी. मग विहिरीची टक्केवारी मागितली जात होती की नव्हती? या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या उमेदवारी अर्जात मिळणार आहे का?

आता खरं कारण. चारित्र्य काढणं सोपं आहे एवढ्यासाठीच आपण ते काढतो असं नाही, त्याच्या मागं भीती आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला. पवनचक्की कंपनीकडच्या खंडणीच्या आड ते आले म्हणून, असं आरोपपत्र सांगतं. गैरप्रकार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेनं २०१४ मध्ये केला, राष्ट्रपतींची सहीही झाली, पण तो लागू करायची अधिसूचना काही निघाली नाही. अशा मुलखात शेजारी बोलायला लागला की आपल्यालाही बोलावं लागेल, ही धास्ती. त्यापेक्षा तोच कसा चोर आहे हे ठरवलं की गप्प बसायला नैतिक कारण मिळतं. घाबरलोय म्हणून गप्प आहे, असं सरळ म्हणणाऱ्याबद्दल मला काहीच म्हणायचं नाही.

आणि इथं मला तुमचं उत्तर ऐकू येतं: "तुला काय जातंय? तू तिकडं. आमाला हितंच राहायचंय." बरोबर आहे. इथं हॉस्पिटलात झालेली चूक नोंदवायचा डेटिक्स फॉर्म भरून संध्याकाळी निवांत घरी येता येतं, फार तर कुणी चार दिवस तोंड फिरवतं. माझ्या विहिरीचं वीज कनेक्शन कुणी तोडणार नाही. पण बाहेरच्यानं बोलू नये, हीसुद्धा बोलणाऱ्याकडंच बघायची खोड झाली, १२० पोत्यांचा हिशोब त्यानं भरून निघत नाही.

एक मात्र कबूल करायला हवं. माहिती अधिकाराचं कलम ३ म्हणतं, हक्क नागरिकांना. चारित्र्य विचारत नाही, पण नागरिकत्व विचारतं. इथल्या कायद्यात तीही अट नाही. परळीत बसलेला माणूस लीड्सच्या हॉस्पिटलाला ईमेल करून माहिती मागू शकतो, २० कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं, फुकट. उलट ज्यांनी माझ्यासारखा निळा ब्रिटिश पासपोर्ट घेतला, त्यांना स्वतःच्या गावातल्या गल्लीचं अंदाजपत्रक मागता येत नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर वडिलोपार्जित शेत वारशानं मिळतं, सातबाऱ्यावर नाव चढतं, पण त्या शेताकडं जाणाऱ्या रस्त्याबद्दल १० रुपयांचा अर्ज चालत नाही. सप्ताहाला वर्गणी मात्र चालते, तिची पावती फोटो काढून पाठवतात.

म्हणून इतका तावातावानं लिहितोय. माझ्याकडं वेळ आहे, कायद्याची पुस्तकं आहेत, १५० शब्दांत बसणारा मजकूर आहे, आणि सही चालत नाही. त्या पोराची चालते. त्याच्या बापाच्या विम्याची चौकशी लागली तरी चालते. पहिल्या अपिलाची मुदत जाऊ देऊ नकोस एवढंच त्याला कुणीतरी सांगा, आणि मोजमाप पुस्तिकेच्या पानांवर 'प्रमाणित प्रत' असा शिक्का मारून घे म्हणावं, नाहीतर पुढं ती झेरॉक्स आमची नाहीच म्हणतात.