वर्गात पॉडकास्ट : ऐकवायचं की करायला लावायचं?

साक्री तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर सातवीला शिकवणारे आमचे मास्तर शनिवारी संध्याकाळी धुळ्यात येतात आणि चहा हातात पडायच्या आत काहीतरी विषय काढतात. या वेळी म्हणाले, "दिवाळीनंतर पोरांकडून पॉडकास्ट करून घेतो." पॉडकास्ट म्हणजे मोबाइलवर हवा तेव्हा लावून ऐकायचा बोलका कार्यक्रम.

"झालं!" वकील म्हणाला. "टॅब झाले, पुस्तकातले क्यूआर कोड झाले, आता हे."

निवृत्त मुख्याध्यापक, म्हणजे आमचे सर, त्यांना तर यात नवं काहीच दिसेना. "आकाशवाणीचे शालेय कार्यक्रम आम्ही वर्गात लावायचो. पुण्यात 1984 साली टीव्हीवरचे शालेय कार्यक्रम करणारी बालचित्रवाणी उभी राहिली, 2017 मध्ये गुंडाळली. करोनात आकाशवाणी नागपूरवर 'शाळेबाहेरची शाळा' लागायची. यंत्रं बदलतात, जांभया त्याच."

इंग्रजी शाळेतल्या मॅडमनी त्यांना तिथंच धरलं. "सर, रेडिओ थांबवता येत नव्हता. फरक आहे तो तेवढाच, पण मोठा आहे." मग निकाराग्वाची गोष्ट निघाली. 1970च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मंडळींनी तिथल्या प्राथमिक शाळांत रेडिओवरून गणित शिकवलं. रेडिओ प्रश्न विचारायचा, काही सेकंद गप्प राहायचा, सगळा वर्ग ओरडून उत्तर द्यायचा, मग रेडिओ बरोबर उत्तर सांगायचा. "ती गप्प राहायची जागा आधीच मोजून ठेवावी लागे. हुशार पोरगं कंटाळणार, मागं पडलेलं गोंधळणार. आता बटण आपल्या हातात आहे. दोन मिनिटं लावा, थांबवा, पुढं काय होईल ते विचारा, परत लावा."

हे खरं. पण वीस मिनिटांचा भाग एका दमात लावून तेवढ्यात वह्या तपासून घेणारेही निघतील, आणि मला वाटतं तेच जास्त निघतील.

वकिलाचा मुद्दा सरळ होता. "ऐकून वाचन कसं सुधारणार? पोरांना जोडाक्षरं येत नाहीत." मॅडम म्हणाल्या, गॉफ आणि टनमर या दोघांनी 1986 मध्ये एक साधं सूत्र मांडलं होतं. वाचलेलं समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले ऐकलेलं समजणं. सरांचा विषय गणित, त्यामुळे ते खुर्चीत पुढे सरकले. "गुणाकार? मग दोन्हीतला एक शून्य असला की उत्तर शून्य. ज्याला अक्षरच ओळखता येत नाही, त्याला तुमचं पॉडकास्ट काय देणार?"

"अक्षरओळख नाहीच देणार," मॅडम म्हणाल्या. "दुसरा आकडा वाढवेल. पहिल्यासाठी फळा आहेच." मग त्यांनी कॅलिफोर्नियातल्या एका इंग्रजीच्या शिक्षकाचं सांगितलं. 2014 मध्ये 'सीरियल' हे पॉडकास्ट गाजलं, ते त्यानं वर्गात लावलं. पोरं ऐकता ऐकता लिखित संहिता मागायला लागली आणि आवाजासोबत ओळीवर नजर ठेवून वाचायला लागली.

"ती हायस्कूलची पोरं," सर म्हणाले. "शिवाय ऐकायला खुनाची केस. आपण लावणार पाणी वाचवा."

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. मराठीत सातवीच्या पोराला ऐकवावं असं आहे किती, हा प्रश्न आम्ही तिथंच सोडला, कारण मास्तरांचा जीव ऐकवण्यात नव्हताच. त्यांना करायला लावायचं होतं.

अमेरिकेत एनपीआर या रेडिओ संस्थेनं शाळेतल्या मुलांसाठी पॉडकास्टची स्पर्धा सुरू केली. 2019 मध्ये पहिल्यांदा निकाल लागला तेव्हा टेनेसीमधल्या एलिझाबेथटनच्या हायस्कूलमधली मुलं जिंकली. त्यांचा विषय काय, तर 1916 साली जवळच्याच अर्विन गावात सर्कशीच्या एका हत्तिणीला रेल्वेच्या क्रेनला टांगून फाशी दिली होती, आणि ते गाव हा डाग घेऊन आज कसं जगतं. लहान गटात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या मुली जिंकल्या. त्या पाळीबद्दल बोलल्या होत्या, त्याबद्दल बोलताना सगळे आवाज का खाली करतात त्याबद्दल. मला यात आवडलं ते हे की दोन्ही विषय पुस्तकातून आलेले नाहीत.

"आमच्याकडे 1972 चा दुष्काळ आहे," मास्तर म्हणाले. "प्रत्येक घरात एक म्हातारं माणूस आहे, ज्यानं दुष्काळी कामावर खडी फोडली आणि तिथं वाटलेली सुकडी खाल्ली. आणखी दहा वर्षांनी कुणाला विचारणार?"

आमचा साउंडवाला इतका वेळ गप्प होता. आता त्याचा विषय आला. "पत्र्याची खोली, वर पंखा, बाहेर मधली सुट्टी. काय ऐकू येणार आहे? आजीच्या घरीच जा. जिथं गोधड्यांची चळत आहे त्या खोलीत बसा, आवाज घुमत नाही. मोबाइल विमान मोडवर टाका. तोंडापासून वीतभर लांब, पण समोर नाही, जरा बाजूला धरा. समोर धरला की 'फ' आणि 'भ' ला फुंकर बसते. आणि कुणी काही न बोलता दहा सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करा. पुढं कापाकापी केली की मध्ये भोकं पडतात, ती त्यानं बुजवायची." आवाज कापायचं-जोडायचं ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, हे त्यानंच सांगितलं. एका माणसाचा बोलका आवाज मोनोत, म्हणजे एकाच वाटेनं, 64 केबीपीएसवर (सेकंदाला 64 किलोबिट) ठेवला तर मिनिटाला अर्धा एमबीसुद्धा होत नाही. पाच मिनिटांचा भाग अडीच एमबीच्या आत. रेंज कशीही असो, व्हॉट्सअॅपवर जातो.

त्या 'कापाकापी'वर मी अडलो. निबंधात पोरगं एकदा लिहिलेली ओळ खोडत नाही. खोडली की पान घाण दिसतं, म्हणून आपणच त्याला तसं शिकवलंय. इथं आजी वीस मिनिटं बोलणार आणि ठेवायची आहेत पाच. मग ठरवावं लागतं: सुकडीची चव ठेवायची की मुकादमाचं नाव? आजी रडली ते ठेवायचं का, आणि ते तिला विचारून ठेवायचं का? चौघांच्या गटात यावर भांडण होणार, आणि ते भांडण हाच माझ्या मते भाषेचा तास. उरलेलं पॉडकास्ट झालं नाही तरी चालेल.

सरांना वेगळंच टोचत होतं. "बोलायचं प्रमाण मराठीत ना?"

"आजी अहिराणीत बोलणार," मास्तर म्हणाले. "ती 'माझी' म्हणणार नाही, 'मन्ही'च म्हणणार. पोरगंही तिला तसंच विचारणार. मधलं निवेदन पुस्तकी मराठीत करू दे."

"म्हणजे दोन्ही?"

"दोन्ही. कुठं कोणती, एवढं कळलं तरी खूप झालं."

सर पटलेले दिसले नाहीत. पण निवेदनाचा उच्चार तुम्ही तपासा म्हटल्यावर जरा सैलावले.

नेटवर टाकायचं का, यावर वकिलानं ताबा घेतला. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं ते मूल, आणि त्याची माहिती वापरायची तर पालकांची पडताळून घेतलेली संमती लागते. पोराचा आवाज, नाव, शाळा, गाव हे सगळं एका फाइलमध्ये. "आणि मागं सिनेमातलं गाणं लावू नका. वर्गात वाजवणं वेगळं, जगाला वाटणं वेगळं."

माझं म्हणणं, टाकूच नका. मॅडमना ते मान्य नव्हतं: बाहेरचं कुणी ऐकणार नसेल तर पोरं जीव ओततील कशाला? शेवटी मास्तरांनीच मार्ग काढला. शुक्रवारी परिपाठाला शाळेच्या भोंग्यावर लावायचं. भोंगा अर्ध्या गावाला ऐकू जातो, ते बाहेरचंच झालं. वकिलानं संमतीचा मराठीतला एकपानी मसुदा द्यायचं कबूल केलं, आजीसाठीही वेगळा.

"गुण कशाला देणार?" सर.

"आवाजाला नाही. दुसऱ्या प्रश्नाला. पहिला वहीतून वाचला तरी चालेल, दुसरा आजीच्या उत्तरातून आला पाहिजे."

साउंडवाल्याला आता चेव चढला होता. "रेकॉर्डिंग माझ्याकडे पाठवा. एका रात्रीत एडिट करून देतो, संगीतबिंगीत टाकून. पैसे नको."

"अजिबात नाही," मॅडम म्हणाल्या. "विज्ञान प्रदर्शनातल्या बापांनी केलेल्या मॉडेलसारखं व्हायचं."

"मग मी काय करू?"

"माइक द्या आणि घरी जा."